खोडरबराबद्दल आभार

आदरणीय सर,

तुम्हाला इंग्रजीत थँक्यू म्हटलं की तुम्ही ‘यू बेट’, म्हणजे ‘त्यात काय एवढं’, म्हणता, टोपी सारखी करता आणि गाडीकडे चालू लागता. अडीच वर्षांत हे निदान पन्नास वेळा झालं असेल. म्हणून या वेळी मराठीत लिहिते आहे. लेक तुमच्या ओसरीवर बसून वाक्यावाक्याने सांगेल, त्यामुळे तुम्हाला मध्येच उठून जाता येणार नाही. आणि आमची माणसंही वाचतील. आयोवातल्या हजारभर वस्तीच्या गावातल्या एका निवृत्त शिक्षकाने नगर जिल्ह्यातल्या एका बाईला काय शिकवलं, ते त्यांनाही कळू दे.

आम्ही आलो ते ऐन जानेवारीत. यांची नोकरी मक्याच्या बियाण्याच्या केंद्रावर. राहुरीला कृषी विद्यापीठात शिकलेला माणूस मक्यासाठी कुठेही जाईल, हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. बाहेर उणे वीसच्या खाली थंडी, आणि संध्याकाळी सातनंतर गावात उजेड दिसायच्या जागा दोनच: पेट्रोल पंपाला जोडलेलं पिझ्झाचं दुकान आणि शाळेचं जिम. मंगळवारी आणि शुक्रवारी बास्केटबॉल. आधी मुलींची मॅच, मग मुलांची. खरं सांगते सर, मी पहिल्यांदा आले ती ऊब मिळेल म्हणून.

लेक तेव्हा दहावीत होता आणि बाकावरच बसलेला असायचा. त्याला पाठीवर धोनीचा ७ नंबर हवा होता. मिळाला २३. तो दोन दिवस घुम्यासारखा वागला. ७ का नाही, हे नंतर तुम्हीच सांगितलंत. फाऊल कुणाचा ते रेफरी स्कोअर लिहिणाऱ्यांच्या टेबलाकडे बघून बोटांनी दाखवतो, एका हाताला बोटं पाच, म्हणून हायस्कूलच्या बास्केटबॉलमध्ये नंबरात ५ च्या वरचा आकडाच चालत नाही. आम्ही मात्र घरात तोवर भेदभाव वगैरे सगळ्या शंका काढून झालो होतो.

मॅच डोक्यावरून जात होती, म्हणून मी पर्समधल्या वहीत क्रिकेटसारख्या खुणा करत बसायचे. माहेरी चुलतभावांच्या टेनिस बॉलच्या स्पर्धा असायच्या. मुलगी म्हणून मला मैदानात घेत नसत, पण अक्षर चांगलं म्हणून स्कोअरला बसवत. षटकाच्या चौकटीत सहा ठिपके आले की ते जोडून मेडनचा एम काढायचा, यात मला भारी आनंद. तीच सवय इथे चालवत होते. दोन, दोन, तीन, एक. तिसऱ्या का चौथ्या मॅचनंतर तुम्ही वर चढून आलात, स्कोअररचा तो पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घातलेले, गुडघा धरून एकेक पायरी. माझी वही हातात घेतलीत. मला वाटलं, काही नियम मोडला. तुम्ही बेरीज तपासलीत आणि म्हणालात, ‘तुमची बरोबर आहे. पाहुण्या संघाच्या वहीत एक गुण कमी लागलाय.’

पुढच्या मंगळवारी मी तुमच्या शेजारी स्कोअरच्या टेबलावर होते.

बास्केटबॉलची वही मला आठवड्यात आली. फ्री थ्रोला रिकामं वर्तुळ काढायचं, गेला तर भरायचं. फाऊलचे पी-१ ते पी-५, पाचव्याला पोरगं बाहेर. दोघांनी चेंडू एकदम धरला की टेबलावरच्या बाणाकडे बघायचं, आणि चेंडू दिल्यावर बाण फिरवायचा. तो बाण फिरवायला मी तीनदा विसरले. तिन्ही वेळा तुम्ही डोळे समोर ठेवून नुसतं बटणाच्या शेजारी बोट आपटलंत. समोरच्या कोचला काही कळलं नाही.

मध्यंतरात तुम्ही मला वॉकिंग टाको आणून द्यायचात. मक्याच्या कुरकुऱ्यांची पिशवी आडवी फाडून तिच्यातच खिमा, चीज, कोबीसारखा कापलेला लेट्यूस आणि वरून काटा खुपसलेला. मी बिनखिम्याचा, घेवड्याच्या दाण्यांचा मागितल्यावर काउंटरवरची बाई जरा थबकली होती, पण पुढच्या शुक्रवारपासून दाण्यांचं वेगळं भांडं ठेवू लागली. भेळेचाच भाऊ आहे तो, चिंचेचं पाणी तेवढं नाही.

तुमच्या घरच्यांना मी मनात काकू म्हणते. काकू सहा जणींचं बास्केटबॉल खेळलेल्या. आयोवातल्या गावोगावच्या शाळांत मुलींचा खेळ तसा चालायचा: तीन जणी पुढे, तीन मागे, मधली रेघ ओलांडायची नाही, चेंडू दोनदाच आपटायचा. १९९३ पर्यंत तो टिकला. १९६८ च्या राज्याच्या अंतिम सामन्याची गोष्ट त्यांनी मला निदान चारदा सांगितली असेल. युनियन-व्हिटन ११३, एव्हर्ली १०७, तेही जादा वेळेत. जिंकणाऱ्या डेनिस लाँगचे ६४ गुण आणि हरणाऱ्या जीनेट ओल्सनचे ७६. काकू नेहमी ७६ वर थांबतात. ‘हरलेली ७६,’ म्हणतात, ‘लिहून ठेवलंय म्हणून लोकांना ठाऊक.’ मला माहेरचा ओटा आठवतो. चुलतभावांच्या त्या सामन्यांच्या माझ्या वह्या रद्दीत गेल्या.

आपल्या पोरांनी त्या हिवाळ्यात जिंकलेल्या मॅच एका हाताच्या बोटांवर. नियमाप्रमाणे बाद फेरीत सगळ्याच शाळांना जागा असते, तशी आपल्यालाही मिळाली आणि पहिल्याच रात्री आपण परत आलो. त्यावर जास्त लिहीत नाही.

बेसबॉलची वही मात्र सोपी नाही, सर. आणि खेळही आयोवात भर उन्हाळ्यात. बाकीच्या राज्यांत हायस्कूलचं बेसबॉल वसंतात उरकतं, इथे मे संपताना सुरू होऊन जुलैपर्यंत चालतं. जुलै म्हणजे मक्याच्या परागीभवनाचा महिना, तेव्हा आमचे हे मला घरात दिसतही नाहीत. पोरं सकाळी शेतात मक्याचे तुरे उपटायला जायची, दुपारी तासभर झोपायची आणि संध्याकाळी हातावर पातींचे ओरखडे घेऊन मैदानात यायची. संघात अकरा जण. त्यांत दोन तर नुकतीच आठवी संपवलेली, कारण इथे त्यांनाही उन्हाळ्यात खेळता येतं. त्यांच्या पँटी आया कंबरेला दुमडून शिवत.

लेकाने आयुष्यातला पहिला चेंडू मारला आणि क्रिकेटच्या सवयीने बॅट घेऊनच धावला, इथे ती टाकून धावायचं असतं. पहिल्या बेसवर पोचला तरी बॅट हातात. समोरच्या बाकांवर हशा पिकला. तुम्ही हसला नाहीत. पेन्सिलीने चौकटीत रेघ ओढत म्हणालात, ‘धावला जोरात.’

तुमच्या मागे बसून मी आकडे पाठ केले. १ पिचर म्हणजे चेंडू टाकणारा, २ कॅचर म्हणजे मागे झेलणारा, मग पहिला, दुसरा, तिसरा बेस ३, ४, ५. आणि ६ कुठे, तर चार आणि पाचच्या मधोमध शॉर्टस्टॉप. हे मला आजही पटलेलं नाही. बॅट फिरवून चेंडू हुकला आणि बाद झाला तर ‘के’, नुसता बघत राहून बाद झाला तर उलटा ‘के’. ‘के’ का, विचारल्यावर तुम्ही हेन्री चॅडविकचं नाव सांगितलंत. १८२४ साली इंग्लंडमध्ये जन्मलेला, न्यूयॉर्कला क्रिकेटच्या बातम्या लिहिणारा माणूस. ‘स्ट्रक’ या शब्दातलं शेवटचं अक्षर त्याने उचललं, आणि मॅचचा हिशेब चौकटीत मांडायची रीतही बसवली. म्हणजे तुमची ही वही क्रिकेटवाल्याच्या हातची निघाली! मी त्या रात्री माहेरी फोन करून सांगितलं. चुलतभावाला त्यात काही विशेष वाटलं नाही.

आता मुद्द्याचं. गेल्या वर्षीचा जुलै. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, वही माझ्याकडे, तुम्ही शेजारी घडीच्या खुर्चीत काळा चष्मा लावून. सातवी इनिंग, म्हणजे शेवटची. आपण एका धावेने पुढे, त्यांचे दोन बाद, गडी दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर. पिचर आपला आठवीवाला, कान लाल झालेले. चेंडू जमिनीवरून सरळ आला, फार जोरातही नव्हता. शॉर्टस्टॉपला माझा लेक. चेंडू ग्लोव्हच्या टाचेला लागला आणि गवतात गेला. दोन्ही गडी घरी आले. हरलो.

मी हिट लिहिलं, म्हणजे फटकाच चांगला, चूक कुणाची नाही. चेंडूने शेवटी उडी घेतली होती, असं मी स्वतःला सांगत होते. तुम्ही चष्मा वर करून वहीकडे पाहिलंत. ‘साधारण प्रयत्नात जमला असता का?’ एवढंच विचारलंत. स्कोअरिंगच्या नियमात शब्दच तसे आहेत. मी गप्प. मग तुम्ही खिशातून ते गुलाबी खोडरबर काढलंत आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवलंत. बोट ठेवलंत ते मात्र लेकाच्या चौकटीवर नाही, खाली पिचरच्या रकान्यावर.

तेव्हा मला दिसलं. मी हिट दिलं असतं, तर त्या दोन धावा त्या चौदा वर्षांच्या पोराने दिल्या म्हणून त्याच्या नावावर लागल्या असत्या. चूक दिली, तर त्याच्या नावावर काही नाही. माझ्या पोराला वाचवायचं म्हणजे दुसरीच्या पोराच्या खात्यावर टाकायचं, आणि ती दुसरी माझ्या मागेच बसून पंखा हलवत होती. आमच्या क्रिकेटच्या वहीत सुटलेला कॅच कुठे उमटतच नाही, भोगतो बॉलर. इतकी वर्षं स्कोअर लिहून माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. मला अजूनही वाटतं की सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या नावापुढे चूक असा रकाना छापणं कठोर आहे. पण मी खोडलं आणि ई-६, म्हणजे शॉर्टस्टॉपची चूक, लिहिलं. कागद जरा फाटला तिथे.

गाडीत लेकाने विचारलं, ‘काय दिलंस?’ मी म्हटलं, ‘ई-सिक्स.’ तो बराच वेळ मक्याकडे बघत बसला. मग म्हणाला, ‘त्याला सांगितलंस का, त्याच्या धावा नाहीत म्हणून?’ मी म्हटलं, नाही. त्याने तिथल्या तिथे फोन काढून सांगितलं.

यंदा मे महिन्यात तो पदवीचा झगा घालून शाळेतून बाहेर पडला आणि दोन दिवसांनी त्याच शाळेसाठी पुन्हा मैदानात उतरला. आयोवातच शक्य आहे हे. लहान शाळांची राज्य स्पर्धा कॅरोलला होते. तिथपर्यंत आपण पोचलो नाही, दोन मॅच आधी संपलो. शेवटचा बाद तोच झाला, उलटा ‘के’. मी लिहिला, हात न थरथरता. तुम्ही ‘यू बेट’ म्हणालात, मी काही म्हटलेलं नसताना.

आता या आठवड्यात तो एम्सला युनिव्हर्सिटीत जाईल. आणि तुम्ही वह्यांची ती कापडी पिशवी परवा आमच्या दारात ठेवून गेलात, घंटी न वाजवता. आत पट्ट्यांचा शर्ट, चार पेन्सिली, खोडरबर. शर्ट मला गुडघ्यापर्यंत येतो. खोडरबर अर्धं झिजलंय, त्यातलं माझ्यामुळे किती, ते तुम्हाला माहीत.

आभार मानते, सर. त्या गुलाबी तुकड्याबद्दल आणि तो सरकवताना काही न बोलल्याबद्दल.

एक विनंती आहे. नोव्हेंबरअखेर घरच्या पहिल्या मॅचला मी टेबलावर असेन, पण माझा पोरगा आता मैदानात नसेल आणि त्या बाणाचा मला अजून भरवसा नाही. माझ्या डावीकडची खुर्ची रिकामी ठेवते. काकूंना घेऊन या, पावणेसहाला.

तुमची,
२३ नंबरची आई