मोजमाप दुधापलीकडेही हवे

महोदय,

पोळ्याच्या आदल्या सायंकाळी खांदशेकणीला बैलाच्या मानेवर तूप-हळद चोळताना जुवाने पडलेली गाठ हाताला लागते. एरवी जनावराची विचारपूस दुधाच्या मापापुरतीच असते. मागच्या मे महिन्यात शहरालगतच्या एका गोठ्यात गेलो होतो. टिनाखाली दहा म्हशी ओल्या सिमेंटवर उभ्या होत्या, गुडघे सुजलेले होते, दावे इतके आखूड की मान वळवून अंग चाटणेही कठीण, आणि पाणी दिवसातून दोनदाच. म्हशीला घामाच्या ग्रंथी कमी असतात, हे नागपूरच्या उन्हात तरी विसरता कामा नये. मालक मात्र दूध बरे निघते, यावर समाधानी होता.

गोठा किती फुटांचा आहे यापेक्षा त्यातील जनावर कसे आहे, ते पाहणे अधिक खरे: ते लंगडते का, सांध्यांवर जखमा आहेत का, १ (हाडकुळे) ते ५ (लठ्ठ) या गुणांत अंगावर मांस किती, माणूस जवळ येताच दचकते का. लसीकरणासाठी पशुवैद्यक गोठ्यात येतातच. त्याच फेरीत या नोंदींचे एक पान भरावे, आणि पशुविज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय याच शहरात असल्याने विद्यार्थ्यांचीही मदत घ्यावी.

तसेच, तापमान ३७ अंशांहून जास्त असेल तेथे दुपारी १२ ते ३ जनावर गाडीला जुंपू नये, हा ओढकाम करणाऱ्या व ओझे वाहणाऱ्या जनावरांवरील क्रूरता रोखणाऱ्या १९६५ च्या नियमांतील निर्बंध उन्हाळ्यापूर्वी बाजार समित्यांच्या फाटकावर मराठीत लावावा.

– एक वाचक, नागपूर