तांडेलाला समोरचं दिसतं का?

महोदय,
पावसाळा सरला की मालवण-तारकर्लीत पर्यटकांच्या स्पीडबोटी पुन्हा धावू लागतात. लाइफ जॅकेटची तपासणी होते, ती हवीच. पण सुकाणूवर बसलेल्या तांडेलाला समोरचं दिसतं का, हे कोणी पाहत नाही. वेग घेताना बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर उठते आणि ऐन समोरचं पाणी काही सेकंद झाकलं जातं. एखादी छोटी होडी किंवा पोहणारं डोकं त्यामागे दिसतच नाही. प्रवासी मागे कोंबले तर नाळ लवकर खाली येत नाही. म्हणून वजन वाटून बसवावं, मागे बाहेर बसवलेल्या आउटबोर्ड इंजिनाचा कल बोटीकडे आत घेऊनच वेग वाढवावा. नाळेवर सेल्फीसाठी उभा राहिलेला एकच माणूसही नजरेआड बरंच काही लपवतो. त्याला आधी खाली बसवावं. काचेवर वाळलेलं मीठ सकाळी जाणवत नाही, मावळतीच्या उन्हात मात्र अख्खी काच पांढरी होते. फेरीआधी ती गोड्या पाण्याने धुवावी, कोरडी पुसू नये, चरे पडतात.

सागरी टक्कर टाळण्याच्या १९७२च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम डोळ्यांनी आणि कानांनी अखंड टेहळणी बंधनकारक करतो. बंदर खात्याने तपासणी रिकाम्या बोटीची न करता प्रवासी बसवून, सुकाणूच्या जागेवरून करावी.

– एक वाचक, मालवण