सर्व्हरचा लॉग सरसकट ‘दुरुस्त’ करू नका

महोदय,

सर्व्हरचे लॉग, म्हणजे त्यावर काय घडले याच्या नोंदींच्या फाइली, १८० दिवस जपून ठेवण्याचे बंधन ‘सर्ट-इन’ या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी घातले. फाइली ठेवल्या जातातही, पण प्रसंग आला तर त्या वाचता येतील का, हे बघायला हवे. एकाच सर्व्हरवर जुने-नवे डेटाबेस असले की लॉगमधल्या मराठी नावांचा विचका होतो, आणि घाईची दुरुस्ती पुरावाच पुसून टाकते.

पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीत प्रत्येक डेटाबेसचे एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे बाइटांच्या आकड्यांत साठवण्याची पद्धत, वेगळे असू शकते, लॉगची फाइल मात्र सर्वांची एकच. ज्या डेटाबेसमधून संदेश येतो, त्याच्याच एन्कोडिंगमध्ये तो फाइलीत उतरतो. एन्कोडिंगचा सर्वांत त्रासदायक प्रकार ‘एसक्यूएल-आस्की’. तो १२७ च्या वरचे बाइट तपासतच नाही, येईल ते ठेवून घेतो. त्यामुळे एकाच तक्त्यात इस्की (भारतीय लिप्यांचे जुने एन्कोडिंग), जुन्या फॉन्टांचा मजकूर आणि यूटीएफ-८ (आजचे युनिकोड एन्कोडिंग) असे तिन्ही सापडू शकतात.

मग सगळी फाइल लॅटिन-१ (युरोपीय भाषांचे एक-बाइटी एन्कोडिंग) समजून ‘आयकॉन्व्ह’ या एन्कोडिंग बदलणाऱ्या साधनातून यूटीएफ-८ मध्ये काढली जाते. ‘म’ हे अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचे: ई०, ए४, एई. प्रत्येक बाइट स्वतंत्र अक्षर धरला गेला की तीन बाइटांचे सहा होतात. हे किमान उलटे फिरवता येते. पण स्क्रिप्टने न जुळणारे बाइट गाळले, किंवा लॉग गोळा करणाऱ्या प्रणालीने त्यांच्या जागी प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन बसवला, तर मूळ अक्षर कायमचे गेले.

म्हणून मूळ फाइलीला हात लावू नये. तिचा ‘शा-२५६’ हॅश, म्हणजे फाइल बदलली तर लगेच बदलणारा ठसा, नोंदवून प्रतीवर काम करावे. लॉगच्या प्रत्येक नोंदीआधी काय छापायचे हे ठरवणाऱ्या ‘लॉग_लाइन_प्रीफिक्स’ या सेटिंगमध्ये वेळ, प्रोसेस क्रमांक आणि वापरकर्ता यांच्याबरोबर ‘%डी’, म्हणजे डेटाबेसचे नाव, आजच घालावे. ते नसेल तर पुढे ओळींची वर्गवारी अंदाजानेच करावी लागते. कोणत्या डेटाबेसचे एन्कोडिंग काय, ही यादी ‘पीजी_डेटाबेस’ तक्त्यातून मिळते. फाइल बाइट म्हणूनच वाचावी आणि नोंदी डेटाबेसनुसार वेगळ्या कराव्यात. टॅबने सुरू होणारी ओळ आधीच्याच नोंदीचा भाग असते. ती तोडली की लांब क्वेरीचा (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेचा) अर्थ लागत नाही. ‘एसक्यूएल-आस्की’च्या नोंदींवर आधी यूटीएफ-८ ची कडक तपासणी लावावी, कारण दुसऱ्या एन्कोडिंगचा मराठी मजकूर त्यातून सहसा निसटत नाही. उरलेल्यातील इस्कीसाठी आयसीयू या युनिकोड लायब्ररीचे ‘यूकॉन्व्ह’ हे साधन चालते. जुन्या फॉन्टांना मात्र कोणता बाइट म्हणजे कोणते अक्षर, हे सांगणारा प्रत्येकाचा स्वतंत्र तक्ता लागतो. तो नसेल तर बाइट हेक्समध्ये (सोळा-आधारी आकड्यांत) तसेच ठेवावेत, अंदाजाने नाव लिहू नये.

लॉगिन फसते तेव्हा डेटाबेसशी जोडणी पूर्ण झालेली नसते, त्यामुळे वापरकर्त्याचे नाव क्लायंटने (जोडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमने) पाठवलेल्या बाइटांतच नोंदले जाते. वापरकर्त्यांची आणि डेटाबेसची नावे साध्या रोमन अक्षरांत ठेवणे हाच त्यावर इलाज.

पालिका, विद्यापीठे आणि सहकारी बँकांनी प्रणाली ताब्यात घेतानाच एक चाचणी सक्तीची करावी. प्रत्येक डेटाबेसवर ‘ज्ञानेश्वर’ हे नाव असलेली एक चुकीची क्वेरी मुद्दाम चालवावी, आणि लॉगमधून ते नाव जसेच्या तसे वाचून दाखवल्याशिवाय कंत्राटदाराचे बिल मंजूर करू नये.

– एक डेटाबेस प्रशासक, पुणे