सस्पेन्स खातं कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान कीर स्टार्मर मुंबईत येऊन गेले. नंदन निलेकणींना भेटले, आधारचं तोंडभरून कौतुक केलं. त्यांनाही आपल्या देशात डिजिटल ओळखपत्र आणायचं होतं, नोकरी धरायची तर ते दाखवावं लागेल अशी घोषणा सप्टेंबर २०२५ मध्येच झाली होती. पहिलं आधार कार्ड आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० रोजी दिलं गेलं, तेव्हा आपल्या पानांवर ही बातमी कौतुकानं आली यात नवल नाही. मला मात्र ती वाचताना ब्रिटनचं पोस्ट आठवलं.

मी बँकेत ३४ वर्षं काढली, त्यातली बरीचशी काउंटरच्या आत. आमच्या शाखेत एएलपीएम, म्हणजे खातेवहीच्या नोंदी करणारं मशीन आलं तेव्हा कित्येक महिने हातानं लिहायचं लेजर आणि मशीन दोन्ही बरोबरीनं चालत. संध्याकाळी दोन्हींचा मेळ बसला नाही तर कुणी घरी जायचं नाही. एकदा ४,५०० रुपयांचा फरक काही केल्या सुटेना. आमचे अकाउंटंट साहेब जुन्या वळणाचे. म्हणाले, "नऊनं भाग जातोय का बघा." जातो म्हटल्यावर आम्ही आकडे उलटसुलट झालेलं व्हाउचर शोधत बसलो, ७,२०० चे कुणी २,७०० केलेत का म्हणून. तसं काही नव्हतं. दुपारी वीज गेली होती, आल्यावर मशीननं एकच व्हाउचर दोनदा पोस्ट केलं होतं. ते सापडायला दोन दिवस लागले. तोवर ती रक्कम सस्पेन्स खात्यात, म्हणजे न सुटलेले फरक तात्पुरते ठेवायच्या खात्यात, पडून होती. कुणी माझ्याकडे चोर म्हणून पाहिलं नाही, की माझ्या पगारातून कापली नाही.

आता ब्रिटन. तिथली बहुतेक पोस्टं म्हणजे कोपऱ्यावरचं किराणा दुकान आणि त्यात एक काउंटर. चालवणारा सबपोस्टमास्तर पोस्टाचा नोकर नसतो, करारावर काम करतो. १९९९ पासून या काउंटरांवर होरायझन नावाची संगणक प्रणाली बसवली गेली. जपानच्या फुजित्सूच्या मालकीच्या आयसीएल या कंपनीनं ती बनवली होती. लवकरच हिशेबात खड्डे पडू लागले. आज दोनशे पौंड कमी, पुढच्या महिन्यात दोन हजार. पोस्टानं कराराचा अर्थ असा लावला की, तूट सबपोस्टमास्तरनं खिशातून भरायची. हेल्पलाइनला फोन केला तर अनेकांना एकच उत्तर मिळे: अशी तक्रार करणारे तुम्ही एकटेच.

२००५ च्या सुमारास त्यांच्याकडचं स्थानिक सस्पेन्स खातंच काढून टाकलं गेलं. हे वाचलं तेव्हा मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. महिन्याचा हिशेब बंद करायचा तर पडद्यावरची तूट कबूल करायची, नाहीतर दुसऱ्या दिवशी काउंटर उघडता यायचं नाही. 'मला हे मान्य नाही' म्हणायला त्या पडद्यावर बटणच नव्हतं. बँकेत काम केलेल्या कुणालाही विचारा, वादातली रक्कम ठेवायला जागाच नसेल तर तो हिशेब राहत नाही, कबुलीजबाब होतो. आणि झालंही तसंच. पोस्टाला स्वतःच खटले भरण्याचा अधिकार होता, शिवाय इंग्लंडच्या कायद्यात १९९९ साली असा बदल झाला होता की, उलट पुरावा येईपर्यंत संगणक बरोबर चालतोय असंच कोर्टानं धरून चालावं. उलट पुरावा आणायचा कुठून? तो तर कंपनीकडे. ९०० हून अधिक लोक चोरी, अफरातफर, खोटे हिशेब यात दोषी ठरले. सरे परगण्यातल्या वेस्ट बायफ्लीटच्या सीमा मिश्रांना २०१० मध्ये गरोदर असताना तुरुंगात पाठवलं.

आमचं व्हाउचर दोनदा पोस्ट झालं होतं. स्कॉटलंडमधल्या डॅलमेलिंग्टनचं प्रकरण त्याच जातीचं. २०१५ साली तिथे ८,००० पौंडांची रोकड पाठवल्याची नोंद करताना पडदा अडकला, कर्मचारी एंटर दाबत राहिली आणि मशीननं ती रक्कम चार वेळा धरली. २४,००० पौंडांचा फरक. सगळं मुकाट्यानं, एकही इशारा नाही.

अ‍ॅलन बेट्स यांनी वेल्समधल्या लँडुडनोहून वीस वर्षं हा लढा चालवला. त्यांच्यासह ५५५ जण कोर्टात गेले आणि २०१९ मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी स्पष्ट सांगितलं की, होरायझनमध्ये दोष होते, आणि पोस्टाचा हेका म्हणजे एकविसाव्या शतकात पृथ्वी सपाट आहे म्हणण्यासारखा आहे. तरी सरसकट शिक्षा रद्द करणारा कायदा यायला २०२४ उजाडलं, तोही टीव्हीवर मालिका लागून लोक खवळल्यावर. जुलै २०२५ मध्ये सर विन विल्यम्स यांच्या चौकशीचा पहिला खंड आला. या छळापायी किमान १३ जणांनी जीव दिला असावा, असं त्यात आहे. भरपाईपोटी एक अब्ज पौंडांहून जास्त गेले. ऑक्टोबर २०२५ पर्यंत पोस्टातल्या किंवा कंपनीतल्या एकावरही आरोपपत्र नव्हतं.

पण माझं पत्र प्रोग्रॅमरांवर नाही, प्रोग्रॅम चुकतातच. मला बोलायचंय ते सहीच्या टेबलाबद्दल.

डिसेंबर १९९८ मध्ये हा प्रकल्प बंद करायचा की रेटायचा, असा प्रश्न तेव्हाचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्यासमोर होता. त्यांचे सल्लागार जेफ मल्गन यांनी लिहून कळवलं होतं की, ही प्रणाली सदोष आहे. त्यावर ब्लेअर यांनी स्वतःच्या हातानं शेरा मारला: प्रणालीच सदोष आहे हे जेफचं म्हणणं नसतं तर मी पुढे जाण्याच्या बाजूनं आहे, यावर काहीतरी स्पष्ट मत मिळायला हवं. अगदी योग्य शेरा. आमचे साहेबही असंच म्हणाले असते. पण दुसऱ्या पारड्यात वजन मोठं होतं. टोकियोतले ब्रिटिश राजदूत कळवत होते की, रद्द केलंत तर फुजित्सू दुखावेल, जपानशी संबंध बिघडतील. तज्ज्ञांनी हिरवा कंदील दाखवला होता. उद्योगमंत्र्यांचाही कल पुढे जाण्याकडेच होता. मे १९९९ मध्ये या प्रकल्पातला, सरकारी भत्ते कार्डावर देण्याचा भाग गळला, होरायझन राहिलं. आलेल्या शंकेचं काय झालं? ती फायलीत गेली आणि वीसहून जास्त वर्षांनी चौकशीत बाहेर आली.

हे उद्योगमंत्री म्हणजे पीटर मँडेलसन. डिसेंबर १९९८ मध्येच त्यांना राजीनामा द्यावा लागला, सहकारी मंत्र्याकडून घरासाठी घेतलेलं ३,७३,००० पौंडांचं कर्ज लपवल्यामुळे. परत आले, २००१ मध्ये दुसऱ्यांदा गेले. आणि डिसेंबर २०२४ मध्ये याच गृहस्थांना स्टार्मर यांनी वॉशिंग्टनला राजदूत म्हणून नेमलं! लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरलेला अमेरिकन धनिक जेफ्री एपस्टीन याच्याशी त्यांचं सख्य काही गुपित नव्हतं. एपस्टीन शिक्षा भोगत असताना ते त्याच्या घरी राहिल्याचं २०२३ मध्येच छापून आलं होतं. १० सप्टेंबर २०२५ रोजी पंतप्रधान संसदेत म्हणाले, माझा त्यांच्यावर विश्वास आहे. ११ सप्टेंबरला घरी पाठवलं. मधल्या रात्रीत काय बदललं? त्यांचे एपस्टीनला लिहिलेले ईमेल छापून आले, एवढंच. शंका तर आधीपासून टेबलावर होती.

मला या दोन गोष्टी एकाच घरातल्या वाटतात. मँडेलसनना घेतलं ते ट्रम्पना सांभाळतील म्हणून. होरायझनला ठेवलं ते फुजित्सूला सांभाळायचं म्हणून. ज्याच्याकडून मोठं काहीतरी मिळणार त्याच्याविषयीची कुरकुर ऐकून घ्यायची आणि बाजूला सारायची, ही सवय ना उजव्यांची, ना डाव्यांची. सबपोस्टमास्तरांना भेटण्यात काही अर्थ नाही, असं २०१० मध्ये बेट्स यांना कळवणारे मंत्री एड डेव्ही तर तिसऱ्याच पक्षाचे.

आता तोच सूर एआयचा. जानेवारी २०२५ मध्ये स्टार्मर सरकारनं जाहीर केलं की, एआय देशाच्या शिरांमध्ये टोचायचं आहे. शब्द त्यांचेच आहेत, माझे नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकन कंपन्यांच्या ३१ अब्ज पौंडांच्या गुंतवणुकीचे ढोल वाजले. डिजिटल ओळखपत्राविरुद्धच्या याचिकेवर वीस लाखांहून जास्त सह्या पडल्या. ब्रिटिश माणूस यंत्राला घाबरतो म्हणून नव्हे, त्याच्या गावातल्या पोस्टमास्तरीणबाईंचं काय झालं ते त्यानं पाहिलंय म्हणून.

आधारवाल्यांनी हुरळून जाऊ नये. माझी आई ८७ वर्षांची. आयुष्यभर भांडी घासून तिच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला गेलो की मशीन म्हणतं, ही बाई ती नव्हेच. पाच वेळा अंगठा, ओल्या फडक्यानं पुसून पुन्हा अंगठा. शेवटी मॅनेजर खणातून कागदी फॉर्म काढतो, आईकडे बघतो आणि सही करतो. स्टार्मर यांना कुणी मुंबईत तो खण दाखवला असेल असं वाटत नाही.

गेल्या वर्षी मुलीकडे लेस्टरला गेले होते. तिच्या कोपऱ्यावरच्या दुकानात पोस्टाचं काउंटर आहे, चालवणाऱ्या बाई गुजराती. भावाला राखी पाठवायची होती. पाकीट वजन करून त्यांनी स्टिकर चिकटवलं, पडद्यावर नोंद केली, पावती दिली. मग काउंटरखालून दोनशेपानी वही काढली, बॉलपेननं तारीख, वेळ आणि रक्कम लिहिली आणि ओळीखाली रेघ मारली. मी मराठीमिश्रित हिंदीत म्हटलं, "आता तर नवीन सिस्टीम आली म्हणतात ना?" त्या गुजरातीत म्हणाल्या, "बेन, सिस्टीम एमनी. चोपडी मारी." सिस्टीम त्यांची, वही माझी.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली (पूर्व)