सुलतानाच्या गाड्या मोजून झाल्या असतील तर...

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत ब्रुनेईच्या सुलतानावर पानभर मजकूर आलाय तो वाचला. १७८८ खोल्यांचा राजवाडा, २५७ बाथरूम, सोन्याचे घुमट, हजारो गाड्या, सगळं नेहमीचं. २०२४ च्या सप्टेंबरात पंतप्रधान तिकडे गेले होते तेव्हाही सगळीकडे हेच वाचलं होतं. गाड्यांचा आकडा कधी पाच हजार असतो कधी सात हजार, मोजल्या कुणी देव जाणे. माझी तक्रार वेगळी आहे. तुम्ही शेवटी चौकटीत 'सुलतानाची वैयक्तिक संपत्ती' म्हणून अब्जावधी डॉलरचा आकडा दिलाय, त्यातला 'वैयक्तिक' हा शब्द काही माझ्या पचनी पडेना, म्हणून हे पत्र.

आम्ही १९९८ ते २००४ ब्रुनेईत होतो, नवरा तेलाच्या कामावर आणि घर कुआला बेलाइतला. शेजारीच सेरिया, तिथे १९२९ मध्ये तेल लागलं आणि तिथले ते मुंडी वरखाली करणारे पंप घरांच्या, रस्त्यांच्या कडेला असे चालू असायचे की जणू कुणी विहिरीवर मोटर लावून विसरून गेलंय. आमचा मुलगा त्यांना घोडे म्हणायचा. ब्रुनेईची सगळी श्रीमंती तिथून आणि समुद्रातून येते, तेल आणि गॅस, बाकी देश म्हणजे जंगल आणि लोकसंख्या आपल्या एखाद्या मध्यम शहराएवढी.

राजवाडा मी आतून पाहिलाय, म्हणजे पाहण्यात काही पराक्रम नाही, ईदनंतर तीन दिवस तो सगळ्यांना खुला असतो. शंभरेक किलोमीटर गाडी हाणत राजधानी बंदर सेरी बेगवानला पोचलो (बंदर म्हणजे आपलंच बंदर, फारसीतून तिकडेही गेलेलं), मग रांग, मग आधी सगळ्यांना जेवण, भात चिकन गोडधोड सगळं फुकट, मग खुर्च्यांवर तासभर ताटकळत बसायचं आणि शेवटी बायका राणीकडे, पुरुष सुलतानाकडे. नवऱ्याचं म्हणणं हात मऊ होता आणि दोन सेकंदांत पुढचा आला. बाहेर पडताना हातात केकचा डबा आणि पोराला हिरवं पाकीट, त्यात कोऱ्या नोटा. त्या दिवशी माझंही मन विरघळलं होतं, खोटं कशाला बोलू.

पण पाकिटातले ते पैसे नक्की कुणाचे, सुलतानाचे की देशाचे? हे तिथे कुणाला विचारायची सोय नाही. सुलतान १९६७ पासून गादीवर, १९८४ ला ब्रिटिशांपासून पूर्ण स्वातंत्र्य मिळालं तेव्हापासून पंतप्रधानही तेच, आता अर्थखातंही त्यांच्याकडे, संरक्षणही त्यांच्याकडे. १९६२ च्या बंडानंतर लागलेली आणीबाणी दर दोन वर्षांनी वाढवत वाढवत आजतागायत चालूच आहे. मग तिजोरी कुठे संपते आणि खिसा कुठे सुरू होतो हे ठरवणार कोण? १९८६ मध्ये अमेरिकेच्या गळ घालण्यावरून सुलतानाने निकाराग्वातल्या बंडखोरांसाठी एक कोटी डॉलर पाठवले आणि खात्याच्या नंबरातले आकडे उलटसुलट झाल्यामुळे ते भलत्याच माणसाच्या स्विस खात्यात जाऊन पडले! आपण पाच हजार रुपये पाठवताना आयएफएससी कोड तीनदा बघतो.

आणि धाकट्या भावाचा किस्सा तर तुमच्या लेखात एका ओळीत उरकलाय, खरी गंमत तिथेच होती. प्रिन्स जेफ्री १९९७ पर्यंत अर्थमंत्री होता आणि देशाचे पैसे बाहेर गुंतवणाऱ्या सरकारी एजन्सीचा कारभारही त्याच्याच हातात. १९९८ ला त्याची अमेडिओ नावाची बांधकाम कंपनी बुडाली, आम्ही नुकतेच पोचलो होतो, तेव्हा तिच्यावर पोट असलेले हजारो परदेशी मजूर महिन्या दोन महिन्यांत सामान बांधून गेले. सरकारचा आरोप असा की जेफ्रीने १४.८ अब्ज डॉलर उचलले. जेफ्रीचं म्हणणं, जे केलं ते दादाच्या संमतीने. भांडण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे त्यांच्या शेवटच्या अपील कोर्टापर्यंत गेलं आणि २००७ मध्ये जेफ्री हरला. पण बघा ना, ज्या घराण्यात भावाभावालाच कळत नाही की हा पैसा घरचा की सरकारी, तिथला आकडा आपण चौकटीत छापून मोकळे होतो. (त्याच्या यॉटचं नाव तुम्ही दिलं नाहीत ते बरं केलंत, घरात पेपर मुलंही वाचतात.)

आता लोक खूश नाहीत का, तर बऱ्यापैकी आहेत. इन्कम टॅक्स नाही, शाळा फुकट, दवाखान्यात एक ब्रुनेई डॉलर, पेट्रोल ५३ सेंट लिटर म्हणजे आजच्या भावाने पस्तीसेक रुपये. माझ्या मलय शेजारणीला सुलतानाबद्दल वाकडा शब्द खपायचा नाही. पण तेल काही पूर्वीसारखं निघत नाही, १९७९ च्या सुमारास दिवसाला अडीच लाख बॅरलच्या आसपास निघायचं, आता एक लाखाच्या आतबाहेर.

शिवाय हे सगळं नागरिकांसाठी. आमचा किराणावाला चिनी, जन्म तिथला, बापाचाही जन्म तिथला, तरी नागरिक नाही. असे बरेच होते. प्रवासाला पासपोर्टऐवजी ओळखीचा दाखला. मलयची परीक्षा द्या म्हणतात, तो दोनदा नापास झालेला, आणि मलय माझ्याशी तर फाडफाड बोलायचा.

२००१ मध्ये अमेडिओच्या सामानाचा जाहीर लिलाव झाला तेव्हा तो मुद्दाम दुकान बंद ठेवून गेला होता. सोन्याचा मुलामा दिलेले टॉयलेट ब्रश, संगमरवर, काय काय होतं म्हणे. हा रस्त्यावरच्या दिव्याचा एक भलामोठा नक्षीदार खांब घेऊन आला आणि दुकानामागे कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी उभा केला. का घेतलास विचारलं तर म्हणाला, मॅडम, राजघराण्यातलं एवढंच मला परवडलं. आम्ही २००४ ला निघालो तोवर त्याला वायर जोडलेली नव्हती.

आपली,
एक वाचक, ठाणे