पेठेतल्या टॉकीजला नाट्यगृहाइतकाच आधार हवा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

मंडईत गाडी लावायला जाणाऱ्या आजच्या तरुण पुणेकराला ‘आर्यन’ हे वाहनतळाचे नाव वाटते. 1915 साली गंगाधरपंत पाठक यांनी तेथे पुण्यातले पहिले चित्रपटगृह सुरू केले होते. 1983 मध्ये ते चित्रपटगृह गेले आणि मागे एवढे नाव उरले. अप्पा बळवंत चौकाजवळच्या किबे लक्ष्मी थिएटरची, म्हणजे आम्हा पेठेतल्या लोकांच्या ‘प्रभात’ची, तशी गत होऊ नये आणि त्यासाठी सार्वजनिक पैसा खर्च करावा लागला तरी तो करावा, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

प्रभात फिल्म कंपनी 1933 मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली आणि 1934 मध्ये हे चित्रपटगृह उभे राहिले. पुढे कंपनी बंद पडली, तिच्या स्टुडिओत 1960 मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट आली, परंतु बुधवार पेठेतल्या या इमारतीवर ‘प्रभात’ हे नाव 2014 च्या डिसेंबरपर्यंत टिकले आणि करार संपल्यावर तिला तिचे मूळ नाव परत मिळाले. मराठी चित्रपट लागला की तो प्रभातला पाहायचा, हे आमच्या घरात गृहीतच असे. माझी आई पंच्याहत्तरीनंतरही दुपारच्या खेळाला शेजारणीचा हात धरून पायी जात असे. रिक्षा करून दूरच्या मॉलमध्ये जाणे आणि तिथले तिकीट काढणे तिला कधी सुचलेही नसते, त्यामुळे घराजवळचा पडदा नसता तर तिचे चित्रपट पाहणेच थांबले असते. पेठांमध्ये अशी वयस्कर माणसे आजही घरोघरी आहेत.

एकपडदा चित्रपटगृहाचा हिशेब मुळातच अवघड असतो. शेकडो खुर्च्यांचे सभागृह वीस प्रेक्षकांसाठीही तेवढेच थंड करावे लागते, डोअरकीपर आणि ऑपरेटर यांचा पगार खेळ रिकामा गेला म्हणून कमी होत नाही, तिकिटाच्या उत्पन्नातला मोठा वाटा वितरकाकडे जातो, आणि एक चित्रपट पडला की दुसरा लावायला दुसरा पडदा नसतो. 22 सप्टेंबर 2025 पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला, हे स्वागतार्हच आहे. मात्र त्या सवलतीतून गळके छत, जुनी वायरिंग किंवा नवा प्रोजेक्टर यांचा खर्च निघणार नाही. जागेचा वापर बदलू द्यावा, अशी मागणी राज्यातले चित्रपटगृहमालक वर्षानुवर्षे करत आले आहेत. त्यांना दोष देणे मला योग्य वाटत नाही, कारण तोट्यात राहून संस्कृती जपण्याचे ओझे एकट्या मालकावर टाकणे अन्यायाचे आहे.

मराठी चित्रपट तयार व्हावा म्हणून राज्य सरकार निर्मात्याला लाखो रुपयांचे अनुदान देते, आणि तोच चित्रपट पडदा मिळत नाही म्हणून आठवड्याभरात उतरतो. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट 2024 मध्ये आगीत सापडले, तेव्हा त्याच्या पुनर्बांधणीसाठी सरकारने निधी जाहीर केला आणि कोणालाही त्यात वावगे वाटले नाही. मग नाटकाला जे लागू होते ते चित्रपटाला का नसावे? इंग्लंडमधील लीड्स येथे एका वस्तीत 1914 पासून हाइड पार्क पिक्चर हाऊस नावाचे छोटे चित्रपटगृह आहे. महापालिकेच्या आधाराने ते वाचले, लॉटरीतून उभारलेल्या वारसा निधीतून त्याची डागडुजी झाली, तळघरात दुसरा छोटा पडदा आला आणि 2023 मध्ये ते पुन्हा उघडले. जुने गॅसचे दिवे त्यांनी जपले, पण उत्पन्नासाठी नवा पडदाही जोडला, हे मला फार शहाणपणाचे वाटते.

खासगी मालमत्तेवर करदात्यांचा पैसा का, हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर अटींमध्ये आहे. वर्षाला ठरावीक संख्येने मराठी खेळ लावणाऱ्या जुन्या चित्रपटगृहालाच महापालिकेने मिळकतकरात सूट द्यावी. राज्याच्या चित्रपट अनुदानातला काही भाग दुरुस्तीसाठी राखून ठेवावा, तो काम पाहून टप्प्याटप्प्याने द्यावा. आणि मालकाने पुढे वापर बदलला तर ती रक्कम व्याजासह परत घ्यावी. हिशेब दरवर्षी तिकीटखिडकीशेजारी लावला, तर लोकांचाही विश्वास बसेल.

प्रेक्षकांनीही आपला वाटा उचलला पाहिजे. चित्रपटगृहाने वर्षाचा पास काढला, तर त्याचे पैसे आगाऊ भरायला मी तयार आहे, आणि आमच्या वाड्यातल्या आणखी चार कुटुंबांनी तशी तयारी मला बोलून दाखवली आहे. आपल्या वृत्तपत्राने महापालिका, चित्रपटगृहाचे मालक आणि प्रेक्षक यांची एक बैठक बोलवावी, अशी माझी नम्र विनंती आहे.

आपला,
एक वाचक,
नारायण पेठ, पुणे