चालकाच्या सीटवर नुसतं रेक्झिन चढवून पूर्ण कामाचं बिल लावल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
(प्रत: नाशिक शाखा)

विषय: माझ्या टाटा ४०७ (मॉडेल २०११) या मालवाहू गाडीचं सीट-दुरुस्ती आणि देखभालीचं अर्धवट काम, ते पूर्ण करून देणे व न केलेल्या कामाचे पैसे परत मिळणे याबाबत.

महोदय,

टोमॅटोचा हंगाम सुरू व्हायच्या आधी मी माझी गाडी आपल्या नाशिक शाखेत दिली होती. चालकाची सीट मुळापासून नवीन बांधायची आणि जुन्या गाडीला लागते ती सगळी देखभाल करायची, असं बोलणं झालं होतं. ३८,४०० रुपयांचं बिल मी एकरकमी भरलं. त्यातले १४,५०० एकट्या सीटचे आहेत. बिलावर लिहिलेल्या कामांपैकी काही झाली, काही अर्धवट झाली आणि काहींना हातही लागलेला नाही. शाखेत दोनदा सांगून झालं, म्हणून आता लेखी कळवतो आहे.

आधी सीटबद्दल. जॉब कार्डावर आपल्याच सुपरवायझरच्या अक्षरात लिहिलं आहे: "जुनी गादी पूर्ण काढणे, फ्रेम वेल्डिंग, तुटलेल्या स्प्रिंगा बदलणे, ४० डेन्सिटी फोम ५ इंच, स्लायडर जोडी नवीन, जाड रेक्झिन, डबल शिलाई." गाडी ताब्यात घेतली तेव्हा सीट वरून झकास दिसत होती. शिलाई सरळ होती, रेक्झिन ताणून बसवलेलं होतं. थोड्याच दिवसांत डावी बाजू खचली आणि खड्ड्यात गाडी आपटली की खालून काहीतरी टोचायला लागलं. शेवटी पिंपळगाव बसवंतच्या एका कुशनवाल्याकडे नेऊन माझ्यासमोर मागची शिलाई उसवली. त्याचा व्हिडिओ काढला आहे.

आत जुनीच गादी निघाली. काथ्याचा पार भुगा झालेला, हात लावला की तपकिरी धूळ उडत होती. दोन स्प्रिंगा मधोमध तुटलेल्या होत्या. त्या बदलायच्या सोडून बांधकामाच्या बारीक तारेने एकमेकींना आवळल्या होत्या आणि तारेचं टोक वरच्या बाजूला मोकळं ठेवलं होतं. टोचत होतं ते हेच. खचलेल्या जागी गोणपाटाची घडी कोंबली होती. या सगळ्यावर जेमतेम इंचभर पांढरा फोम आणि त्यावर आपलं नवं रेक्झिन. भिंतीची ओल न काढता वरून रंग मारावा, तसलं हे काम आहे.

त्या फोमबद्दलही सांगतो, कारण शाखेतून मला "फोम चाळीसचाच आहे" असं छातीठोकपणे सांगण्यात आलं. ४० डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन ४० किलो. हिशेब सोपा आहे: एक लिटर मापाचा तुकडा ४० ग्रॅम भरला पाहिजे. मी त्या फोमचा २० सेंटिमीटर लांब, २० सेंटिमीटर रुंद आणि अडीच सेंटिमीटर जाड तुकडा कापला, म्हणजे बरोबर एक लिटर. सराफाच्या काट्यावर तो १८ ग्रॅम भरला. तुकडा जपून ठेवला आहे, आपण स्वतः तोलून पाहावा. असा हलका फोम पाहुण्यांच्या खुर्चीला चालेल. दिवसभर एका जागी बसणाऱ्या चालकाच्या वजनाखाली तो महिन्याभरात चपटा होतो आणि मग प्रत्येक खड्डा थेट माकडहाडाला लागतो.

सीट बांधायची रीत आपल्या कारागिरांना माहीत नसेल असं मला वाटत नाही. सांगाडा उघडा करून गंज घासायचा, चिरा वेल्ड करायच्या, स्प्रिंगा बदलायच्या, त्यांच्यावर जाड कापड ताणायचं म्हणजे तार फोमला कापत नाही, मग फोम. पुढची कड फार उंच ठेवायची नाही, नाहीतर मांडीखाली दाब येऊन क्लचच्या पायाला मुंग्या येतात. हे सगळं त्या कुशनवाल्याने मला उभ्या उभ्या दाखवलं. त्याचं दुकान पत्र्याच्या शेडमध्ये आहे. आपल्याकडे तर मोठं वर्कशॉप आहे.

पण हे पत्र लिहिण्याचं खरं कारण स्लायडर आहे, म्हणजे सीट पुढे-मागे सरकवून जागेवर लॉक करायच्या पट्ट्या. बिलात "नवीन जोडी" म्हणून पैसे घेतले आहेत. बसवलेली जोडी जुनीच आहे, वरून काळा रंग मारलेला आहे. रंग खरवडला की खाली गंज दिसतो आणि लॉकचे दात झिजून गोल झाले आहेत. भरलेली गाडी घेऊन मी वाशी मार्केटला निघालो होतो. कसारा घाट उतरताना पुढचा ट्रक एकदम हळू झाला म्हणून मी ब्रेक दाबला. ब्रेकवर जोर देताना चालकाचं अंग मागे रेटलं जातं, हे गाडी चालवणाऱ्या कोणालाही सांगावं लागत नाही. त्या रेट्याने लॉक सुटलं, सीट सर्रकन मागे गेली आणि पाय पेडलवरून निसटला. गाडी खालच्या गिअरमध्ये होती आणि स्टेअरिंग हातात घट्ट धरलेलं होतं, म्हणून पुन्हा पुढे सरकून ब्रेक दाबता आला. शेजारी क्लीनर बसला होता. एकोणीस वर्षांचं पोर आहे ते. त्याच्या आईला मी काय तोंड दाखवलं असतं?

आता देखभालीचं. फॅन बेल्ट आणि इंजिन ऑइल आपण बदललं आहे, ऑइल योग्य ग्रेडचं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. एअर फिल्टर मात्र नवीन म्हणून लावला आहे आणि तो जुनाच आहे. मी फिल्टर टाकतो तेव्हा कडेवर मार्करने तारीख लिहून ठेवतो. माझ्या अक्षरातली ती तारीख आजही तिथे आहे. बदललेले जुने पार्ट गाडीतच ठेवा, असं मी आधीच सांगितलं होतं. मागितल्यावर "भंगारात गेले" असं उत्तर मिळालं.

ग्रीसिंगही तसंच. बिलावर "पूर्ण ग्रीसिंग" आहे. किंग पिनच्या (पुढचं चाक जिच्यावर वळतं ती पिन) आणि पाट्यांच्या शॅकल पिनच्या (पाटा गाडीला जोडणारी पिन) निपलवर, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडावर, चिखल वाळून दगड झालेला होता. ग्रीस गन लावली असती तर निपल आधी पुसावं लागलं असतं आणि कडेने जुनं काळं ग्रीस बाहेर आलं असतं. तसलं काहीच दिसत नाही. मी स्वतः चिखल खरवडून फोटो काढले, एक निपल तर आतून बंदच होतं. कोरडी किंग पिन झिजली की स्टेअरिंग जड होतं, टायर एका बाजूने खातो आणि शेवटी खर्च पुढच्या एक्सलवर जातो. ग्रीस काय भावाने मिळतं आणि एक्सलचं काम कितीला पडतं, हे आपल्याला मी सांगायला नको.

ब्रेक ऑइल बदलल्याचीही नोंद आहे. टाकीतलं ऑइल काळपट आहे आणि तळाशी गाळ आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट-३ या दर्जाचं ताजं ब्रेक ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर तीच मर्यादा १४० अंशांवर येते. घाटात ड्रम तापले की अशा ऑइलमध्ये वाफ धरते आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. म्हणजे सुटणारी सीट आणि जुनं ब्रेक ऑइल अशा दोन्ही गोष्टी घेऊन आपण मला घाटात पाठवलं.

शाखेत हे सांगितल्यावर मिळालेलं उत्तर जसंच्या तसं देतो: "जुन्या गाडीला एवढंच होतं, साहेब." हे मला मान्य नाही. गाडी जुनी आहे म्हणूनच मी ती आपल्याकडे आणली होती. ४०७ हे मॉडेल १९८६ पासून रस्त्यावर आहे, तिचे पार्ट तालुक्याच्या गावात मिळतात आणि नीट राखली तर ती आणखी बरीच वर्षं पोट भरेल. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या नव्या मालट्रकांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला, चालकांसाठी ही चांगलीच गोष्ट आहे. पण नवी गाडी घेणं ज्यांच्या आवाक्यात नाही, त्यांना निदान पाठीखाली धड सीट आणि पायाखाली भरवशाचा ब्रेक हवा. त्यासाठी आम्ही पूर्ण पैसे मोजतो. जुन्या गाडीसाठी बिलात सूट नव्हती, मग कामात का?

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा "व्यावसायिक गाडी आहे, ग्राहक कायदा लागू होत नाही" असंही सांगण्यात आलं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ग्राहकाच्या व्याख्येतच खुलासा आहे: केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली व वापरलेली वस्तू व्यावसायिक हेतूची धरली जात नाही. माझी गाडी एकच आहे, ती मुख्यतः मीच चालवतो आणि घर तिच्यावर चालतं. आपल्या शाखेने निदान पुढच्या माणसाला तरी असं सांगू नये.

माझं म्हणणं असं आहे. चालकाची सीट पूर्ण उघडून जॉब कार्डात लिहिल्याप्रमाणे माझ्यासमोर बांधून द्यावी. स्लायडरची जोडी नवीन बसवावी आणि गाडी सोडण्याआधी सीटला रेटा देऊन लॉक तपासावं. ब्रेक ऑइल बदलून सर्किटमधली हवा काढावी, ग्रीसिंग करावं, बंद निपल बदलावं आणि जुने पार्ट माझ्या हातात द्यावेत. एअर फिल्टर मी बाजारातून आणून टाकला आहे, त्यामुळे बिलातली त्याची रक्कम परत करावी. गाडी उभी राहील त्या दिवसांचं भाडं बुडेल. ते मी आज मागत नाही, पण काम एकदाच आणि नीट व्हावं. हे आपल्याला जमणार नसेल तर सीट, स्लायडर, ग्रीसिंग आणि ब्रेक ऑइल यांचे पूर्ण पैसे परत करावेत, मी काम दुसरीकडे करून घेईन.

सीट उसवलेली आहे तशीच ठेवली आहे, आपला माणूस येऊन पाहू शकतो. तात्पुरतं म्हणून मी स्लायडरला आडवा बोल्ट मारून सीट एका जागी पक्की केली आहे, पण आमच्या बदली चालकाची उंची कमी असल्याने तो आता ही गाडी चालवू शकत नाही.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावं. उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करणार आहे. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही. जॉब कार्ड आणि बिलाच्या प्रती, फोटो व व्हिडिओ सोबत जोडले आहेत. फोमचा तुकडा माझ्याकडे आहे.

आपला,
गाडीमालक व चालक
ता. निफाड, जि. नाशिक